मामाचा फोन आणि १८८५ सालचा कायदा

निवडणुका जवळ आल्या की दोन गोष्टी हमखास होतात. एक म्हणजे सोसायटीसमोरचा रस्ता एका रात्रीत गुळगुळीत होतो. आणि दुसरी म्हणजे कुठला तरी नेता माइकसमोर येऊन म्हणतो, "माझा फोन टॅप होतोय." आपण सकाळच्या चहाबरोबर ती बातमी वाचतो, "सगळे एकाच माळेचे मणी" असं म्हणतो आणि हापिसची बस पकडायला पळतो. मीही इतकी वर्षं तेच करत आलो. पण गेले तीन-चार वीकांत मी या एकाच विषयाच्या मागे लागलोय. कायद्याची कलमं, न्यायालयांचे निकाल, समित्यांचे अहवाल, जे जे जालावर सापडलं ते वाचून काढलं. (बायकोच्या मते माझ्या डोक्यावर परिणाम झालाय. असो.)

प्रश्न अगदी साधा आहे. सत्तेवरच्या सरकारला निवडणुकीच्या दिवसांत विरोधकांचे फोन ऐकायचा कायद्याने अधिकार आहे का? थोडक्यात उत्तर द्यायचं तर, नाही. पण इतकं सरळ उत्तर असूनही हा प्रश्न दर निवडणुकीत पुन्हा कसा उगवतो, हे कळायला मला जरा वेळ लागला. आधी मला हा प्रश्न का पडला ते सांगतो.

माझा मामा सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्यात राहतो. नेता वगैरे नाही हो, कार्यकर्ता. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत एका उमेदवारासाठी त्याने बूथचं सगळं काम अंगावर घेतलं होतं. मतदारयाद्या, गाड्या, कुठल्या वस्तीवर कोण नाराज आहे, कुणाची समजूत काढायची, असलं सगळं. त्या महिन्यात मी त्याला फोन केला की तो पहिल्याच वाक्यात म्हणायचा, "साध्या फोनवर नको, व्हॉट्सअ‍ॅपवर ये." आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख विचारायला केलेला फोनसुद्धा व्हॉट्सअ‍ॅपवर! मी हसायचो. मग एकदा तो म्हणाला, "हसू नकोस. आपले गुरुजी माझा फोन घेत नाहीत आता."

हे गुरुजी म्हणजे मामाचे लहानपणापासूनचे मित्र, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. रोज संध्याकाळी दोघं पारावर बसणार, हा तीस वर्षांचा नेम. पण आचारसंहिता लागली आणि गुरुजींनी मामाचे फोन घेणं बंद केलं. सरकारी नोकर माणूस, उद्या कुणी रेकॉर्डिंग समोर ठेवलं की अमुक उमेदवाराच्या माणसाशी रोज बोलता, तर काय करायचं? बदली नको, चौकशी नको, त्यापेक्षा मैत्री महिनाभर बंद ठेवलेली बरी.

मामाने तेव्हा मला विचारलं, "तू फोनच्याच लायनीत होतास ना? खरं सांग, आमचं ऐकतात का? आणि ऐकत असतील तर ते कायद्यात बसतं का?"

माझा अंदाज विचाराल तर मामाचा फोन कुणीही ऐकत नव्हतं. एका तालुक्यातल्या बूथ कार्यकर्त्यासाठी कोण एवढा खटाटोप करेल? पण गंमत बघा, न ऐकताही काम झालंच की. गुरुजी गप्प झाले. मामा अर्धी कामं फोनऐवजी मोटारसायकलवर हिंडून करायला लागला. ऐकण्याची नुसती शंकासुद्धा निवडणुकीत एका बाजूचे पाय बांधते. सत्तेतल्या बाजूला तो त्रास नाही, कारण आपलंच सरकार आपलं कशाला ऐकेल, अशी त्यांची समजूत असते.

आता मी "फोनच्या लायनीत" होतो म्हणजे काय, तर इंजिनियरिंग झाल्यावर माझी पहिली नोकरी पुण्यात, टेलिकॉमचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत होती. मोबाइल कंपन्या जी यंत्रणा विकत घेतात, तिच्यात एक भाग सक्तीने असावा लागतो. त्याचं नाव 'लॉफुल इंटरसेप्शन', म्हणजे कायदेशीर श्रवण. हा भाग नसेल तर जगातल्या बहुतेक देशांत तुमची यंत्रणा विकलीच जात नाही. त्यासाठी युरोपातल्या 'एत्सी' नावाच्या संस्थेची मानकं आहेत. त्यात तीन दारं असतात. पहिल्या दारातून आदेश आत येतो: हा क्रमांक, या तारखेपासून त्या तारखेपर्यंत. दुसऱ्या दारातून कोणी कुणाला, कधी, कुठून फोन केला ती माहिती बाहेर जाते. आणि तिसऱ्या दारातून प्रत्यक्ष बोलणं.

मी काही महिने या भागाचं टेस्टिंग केलंय. एरवी टेस्ट केस म्हणजे "बटण दाबलं की अमुक दिसलं पाहिजे" अशी असते. इथे बऱ्याच टेस्ट केसेस उलट्या होत्या. ज्याचा फोन ऐकला जातोय त्याला काहीही जाणवता कामा नये. कॉल लागायला जास्त वेळ लागता कामा नये, आवाजात फरक पडता कामा नये, बिलात काही दिसता कामा नये. एकाच क्रमांकावर दोन तपास यंत्रणा कान लावून असतील तर त्यांना एकमेकींचा पत्ता लागता कामा नये. मोबाइल कंपनीतल्याही मोजक्या माणसांखेरीज कुणाला दिसता कामा नये. अपेक्षित निकालाच्या रकान्यात मी पानंच्या पानं "काहीही घडत नाही" असं लिहिलंय.

या कामाची मला लाज वगैरे अजिबात वाटत नाही, हेही सांगून टाकतो. २६/११ च्या रात्री मुंबईत हल्लेखोर आणि त्यांचे सीमेपलीकडचे सूत्रधार यांच्यातले फोन आपल्या पोलिसांनी ऐकले, ते पुढे खटल्यात पुरावा म्हणून कामाला आले. असं ऐकता आलंच पाहिजे. चाकू स्वयंपाकघरात लागतोच. प्रश्न तो कुणाच्या हातात आहे आणि कुणी बघतंय का, हा आहे.

तर आता कायदा.

आपल्याकडचा मूळ कायदा १८८५ चा, इंडियन टेलिग्राफ अ‍ॅक्ट. त्याच्या कलम ५(२) मध्ये दोन पायऱ्या होत्या. पहिली पायरी: सार्वजनिक आणीबाणी उद्भवली पाहिजे किंवा सार्वजनिक सुरक्षेसाठी गरज पाहिजे. दुसरी पायरी: देशाचं सार्वभौमत्व, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, किंवा गुन्ह्याला चिथावणी रोखणं, यांपैकी एक कारण पाहिजे. दोन्ही पायऱ्या चढल्याशिवाय कुणाचा फोन ऐकता येत नाही. आणि कारण लेखी नोंदवावं लागतं. यात "विरोधी पक्षाची तिकिटं कुणाला मिळणार" हे कुठेही बसत नाही. निवडणूक ही आणीबाणी नाही. (काही उमेदवारांना ती तशी वाटते, ते सोडा.)

१९९१ साली राजकीय नेत्यांच्या फोन टॅपिंगबद्दलचा सीबीआयचा एक अहवाल छापून आला आणि त्यावरून पीयूसीएल ही नागरी हक्कांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. निकाल लागला १८ डिसेंबर १९९६ ला. न्यायालय म्हणालं की फोनवरचं बोलणं हा माणसाच्या खाजगी आयुष्याचा भाग आहे, आणि सार्वजनिक आणीबाणी ही काही गुपचूप असणारी गोष्ट नव्हे, ती सामान्य माणसाला उघड दिसेल अशी असायला हवी. मग न्यायालयाने नियम घालून दिले. आदेश गृहसचिवानेच द्यायचा, मुदत दोन महिन्यांची, वाढवली तरी एकूण सहा महिन्यांपलीकडे नाही, आणि एका समितीने तो तपासायचा. पुढे २००७ मध्ये टेलिग्राफ नियमावलीत ४१९-अ हा नियम आला तो याच धर्तीवर. २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा झाला. त्याचं कलम २०(२) जून २०२४ पासून लागू आहे आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याखालचे नवे नियमही आले. कलमांचे क्रमांक बदलले, पण आणीबाणी किंवा सुरक्षा ही पहिली पायरी तशीच राहिली. बेकायदा फोन ऐकला तर तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

म्हणजे कागदावर सगळं ठीक दिसतं. मग घोडं अडतं कुठे?

माझ्यासारख्या माणसाची नजर लगेच एका ठिकाणी जाते. बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये 'मेकर-चेकर' असतो ना, म्हणजे जो व्यवहार भरतो त्यानेच तो मंजूर करायचा नाही, तो नियम इथे शोधून बघा. आदेश देणार गृहसचिव. तपासणार कोण? केंद्रात कॅबिनेट सचिव, विधी सचिव आणि दूरसंचार सचिव. राज्यात मुख्य सचिव, विधी सचिव आणि आणखी एक सचिव. म्हणजे मेकर सरकार, चेकरही सरकारच. न्यायाधीश नाही, विरोधी पक्षाचा माणूस नाही, बाहेरचं कुणीही नाही. १९९६ च्या खटल्यात न्यायाधीशाची पूर्वपरवानगी हवी अशी मागणी झाली होती. न्यायालयाने ती मान्य केली नाही.

बरं, हा चेकर निदान मन लावून तपासतो का? न्यायमूर्ती श्रीकृष्ण (हो, मुंबई दंगलीच्या आयोगाचे तेच) यांच्या समितीने २०१८ मध्ये माहितीच्या संरक्षणावर अहवाल दिला. त्यात माहितीच्या अधिकारात मिळालेला एक आकडा दिलाय. एकटं केंद्र सरकार महिन्याला साडेसात ते नऊ हजार फोनचे आदेश काढत होतं. ही तपासणी समिती दोन महिन्यांतून एकदा बसते. म्हणजे एका बैठकीत पंधरा ते अठरा हजार आदेश. मी कॅल्क्युलेटर काढला. समिती आठ तास सलग बसली, चहा नाही, जेवण नाही, तर एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. दोन सेकंदांत मी माझ्या ज्युनियरच्या कोडची एक ओळ धड वाचू शकत नाही. इथे एका माणसाच्या खाजगी आयुष्याचा निवाडा होतो.

आणि त्या दोन सेकंदांत समितीला दिसतं काय? एक क्रमांक, एक नाव, एक कारण. आमच्या यंत्रणेत नावाला काहीही अर्थ नव्हता. ऐकायला क्रमांक पुरतो. नाव म्हणजे नुसती अक्षरं, माणसांना वाचायला. क्रमांक खरंच त्या नावाचा आहे का, हे यंत्र तपासत नाही आणि दोन सेकंदांत माणूसही तपासू शकत नाही.

महाराष्ट्रात जो आरोप झाला तो नेमका हाच होता. २०२१ मध्ये नाना पटोले यांनी विधानसभेत सांगितलं की आपण खासदार असताना आपला फोन 'अमजद खान' या नावाने, अमली पदार्थांच्या कारणाखाली ऐकला गेला. (शोलेतला गब्बर आठवून मी हसलो होतो, पण त्या नावात फसवणुकीची रीत लपलेली आहे.) संजय राऊत आणि एकनाथ खडसे यांचे फोन २०१९ मध्ये, सरकार बनण्याच्या धामधुमीत, अशाच प्रकारे ऐकल्याचाही आरोप झाला. २०२२ मध्ये पुण्यात आणि मुंबईत गुन्हे नोंदले गेले. मग जूनमध्ये राज्यातलं सरकार बदललं. पुण्याच्या प्रकरणात पोलिसांनी ते बंद करण्याचा अहवाल दिला, मुंबईच्या प्रकरणात खटला चालवायला सरकारने मंजुरी नाकारली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने दोन्ही गुन्हे रद्द केले. कुणी दोषी ठरलं नाही, आणि खटलाच उभा न राहिल्यामुळे नक्की काय झालं होतं हेही साक्षीपुराव्यानिशी कुठे तपासलं गेलं नाही. एका सरकारने गुन्हा नोंदवला, दुसऱ्या सरकारने मिटवला. ज्यांचे फोन, ते राहिले तिथेच.

तेलंगणातलं प्रकरण याहून भारी. तिथे २०२३ च्या विधानसभेचा निकाल ३ डिसेंबरला लागला आणि सत्ता पालटली. १० मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये गुन्हा नोंदला गेला. पोलिसांचा आरोप असा, की माओवाद्यांवर लक्ष ठेवण्यासाठी असलेल्या गुप्तवार्ता शाखेने निवडणुकीत विरोधी नेत्यांवर, त्यांना पैसा पुरवणाऱ्यांवर पाळत ठेवली, आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी, ४ डिसेंबरच्या रात्री, तिथल्या हार्ड डिस्क नष्ट केल्या. तुकडे मुसी नदीत टाकल्याच्या बातम्याही आल्या. संबंधितांनी आरोप नाकारले आहेत, आणि हे न्यायालयात सिद्ध झालेलं नाही हे स्पष्ट लिहितो. पण यातली एक गोष्ट मला झोपू देत नाही. नियमांप्रमाणे अशा नोंदी, पुढे गरज नसेल तर, दर सहा महिन्यांनी नष्ट करायच्याच असतात! हेतू चांगला आहे, लोकांची बोलणी सरकारकडे साठून राहू नयेत. पण आमच्याकडे ऑडिट लॉग पुसायचा अधिकार ज्याचं ऑडिट आहे त्यालाच दिला, तर तो प्रोजेक्ट पहिल्याच रिव्ह्यूत नापास होईल.

कुणाला वाटेल की मी एका पक्षाच्या बाजूने लिहितोय. तसं अजिबात नाही. कर्नाटकात रामकृष्ण हेगडे यांनी ऑगस्ट १९८८ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडलं ते फोन टॅपिंगच्याच आरोपांवरून, आणि ते जनता पक्षाचे. मार्च १९९१ मध्ये राजीव गांधींच्या घराबाहेर हरयाणा पोलिसांचे दोन शिपाई पाळत ठेवताना सापडले आणि त्या वादात चंद्रशेखर यांचं सरकार गेलं. तेलंगणात सत्तेवर होती भारत राष्ट्र समिती, महाराष्ट्रातले आरोप भाजपच्या नेतृत्वाखालच्या सरकारच्या काळातले. आणि आणीबाणीत काँग्रेसने विरोधकांचं काय केलं ते आपल्या आईवडिलांना विचारा. म्हणजे खुर्ची कुणाचीही असो, कान तोच.

आता मुख्य मुद्दा. मला हा कायदा तपासायचा असेल तर मी पहिला प्रश्न विचारेन: चूक झाली तर ती कुणाला दिसेल?

मुंबई उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०१९ चा एक निकाल आहे. बँक अधिकाऱ्याला लाच दिल्याच्या आरोपात सीबीआयने एका व्यावसायिकाचे फोन ऐकले होते. न्यायालयाने विचारलं की यात सार्वजनिक आणीबाणी कुठे आहे, सार्वजनिक सुरक्षा कुठे आहे? उत्तर नव्हतं. तिन्ही आदेश रद्द झाले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं गेलं. उत्तम निकाल. पण त्या व्यावसायिकाला आपला फोन ऐकला हे कळलं कसं? त्याच्यावर खटला झाला आणि रेकॉर्डिंग पुराव्यात आलं म्हणून!

म्हणजे ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे त्याला कळतं, तो न्यायालयात जाऊ शकतो. पण ज्याने काहीच केलं नाही, नुसती निवडणूक लढवली, त्याच्यावर खटला कसला होणार? त्याचं बोलणं न्यायालयात यायचंच नसतं. ते कुणाच्या तरी टेबलावर जातं, प्रचाराचा बेत कळतो, नाराज माणूस कळतो, पैसे कुठून येतात ते कळतं, आणि संपलं. आरोपीपेक्षा निर्दोष माणसाच्या हातात कमी आहे. माहितीच्या अधिकारात "माझा फोन ऐकला का?" असं विचारायचीही सोय नाही. डिसेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की ही माहिती त्या कायद्यातून वगळलेली आहे.

त्यात निवडणुकीची घड्याळं वेगळी. लोकप्रतिनिधित्व कायद्यात, म्हणजे १९५१ च्या, कलम १२३(७) आहे. उमेदवाराला निवडून आणण्यासाठी सरकारी अधिकाऱ्यांची, पोलिसांची मदत घेणं हा 'भ्रष्ट आचार' ठरतो. १२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली ती याच कलमावर. माझ्या समजुतीप्रमाणे पोलिसांकरवी विरोधकाचे फोन ऐकवून घेणं हे त्यात बसवता येईल. पण निवडणूक याचिका निकालापासून ४५ दिवसांत करावी लागते. तेलंगणात नुसता गुन्हा नोंदायलाच ९८ दिवस लागले, आणि तेही सरकार बदललं म्हणून. बदललं नसतं तर?

या सगळ्यात एकदा असंही झालं की ज्याच्यावर पाळत असावी त्याला थेट निरोप गेला. ऑक्टोबर २०२३ च्या शेवटच्या दिवशी, पाच राज्यांच्या निवडणुकांच्या तोंडावर, विरोधी पक्षांच्या काही खासदारांच्या आयफोनवर अ‍ॅपलचा इशारा आला की सरकारी पाठबळ असलेले हल्लेखोर तुमच्या फोनमागे असू शकतात. कुठलं सरकार ते अ‍ॅपलने सांगितलं नाही, आणि काही इशारे चुकीचेही असू शकतात असंही म्हटलं. तेही मान्य. पण नागरिकाला कळवण्याचं जे काम आपल्या कायद्याने करायला हवं, ते फोन विकणारी एक परदेशी कंपनी करते, हे जरा विचित्र नाही का?

बाहेर काय चालतं ते बघावं म्हणून ग्रीसचं प्रकरण वाचलं. निकोस आंद्रुलाकिस हे तिथल्या पासोक पक्षाचे नेते. २०२१ मध्ये ते पक्षाध्यक्षपदाची निवडणूक लढवत असताना तिथल्या गुप्तचर खात्याने त्यांचा फोन ऐकला. बाहेर आलं २०२२ मध्ये. खात्याचे प्रमुख गेले, पंतप्रधानांच्या कार्यालयाचे सरचिटणीस गेले (ते पंतप्रधानांचे भाचे!), आणि पंतप्रधान मित्सोताकिस यांनी जाहीर सांगितलं की हे कायद्याने धरून होतं, पण चूक होतं. तिथे सरकारी वकिलाची सही घेतलेली होती, बरं का. कागद पूर्ण होता. पण २०२१ मध्येच त्यांनी कायदा बदलून, राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली फोन ऐकलेल्या माणसाला नंतर कळवण्याची सोय काढून टाकली होती. आंद्रुलाकिस भांडत राहिले, आणि एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सांगितलं की कळवायचंच नाही असा सरसकट नियम घटनेत बसत नाही. अमेरिकेतही १९६८ च्या कायद्याप्रमाणे गुन्ह्याच्या तपासात फोन ऐकला तर साधारणपणे ऐकणं संपल्यापासून ९० दिवसांच्या आत त्या माणसाला कळवावं लागतं. (हेरगिरीच्या प्रकरणांत नाही. तिथेही पळवाटा आहेतच.)

माझं म्हणणं एवढंच आहे. फोन ऐकणं कायदेशीर होतं की बेकायदेशीर, हे कलमात लिहून ठरत नाही. ते तेव्हा ठरतं जेव्हा ऐकलेल्या माणसाला कधी तरी कळतं आणि तो "का?" असं विचारू शकतो. आपल्या कायद्यात "नाही" लिहिलंय, पण ते "नाही" मोडलं गेलं तर कुणालाच कळू नये अशीही चोख व्यवस्था त्यातच आहे.

मग करायचं काय? न्यायाधीशाची परवानगी हवी, ऐकणं संपल्यावर ठरावीक काळाने कळवायला हवं, नोंद पुसायचा अधिकार ऐकणाऱ्याच्या हाती नको, हे तर आहेच. ते व्हायला वर्षं जातील. पण निवडणुकीपुरता एक छोटा उपाय मला सुचतोय. प्रत्येक उमेदवार अर्जाबरोबर फॉर्म २६ चं प्रतिज्ञापत्र भरतो. त्यात त्याचा फोन क्रमांक असतो आणि ते प्रतिज्ञापत्र जाहीर असतं. दुसऱ्या बाजूला श्रवणाचे चालू आदेश, त्यातही क्रमांक असतात. आचारसंहितेच्या काळात या दोन याद्या एकमेकींशी जुळवायच्या. जिथे क्रमांक जुळेल तो आदेश बंद लिफाफ्यात उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांसमोर जाईल. कारण खरं असेल तर ते ऐकणं चालू ठेवतील. 'अमजद खान' असेल तर तिथेच पकडला जाईल. हे सांगायला समिती नको, सल्लागार नको. दोन टेबलांवरची एक जॉइन क्वेरी आहे ही. कॉलेजातला पोरगा लिहील.

मला माहीत आहे, उमेदवार दुसरा फोन वापरतात, आणि मामासारख्या कार्यकर्त्यांचे क्रमांक कुठल्याच फॉर्ममध्ये नसतात. सगळं पकडलं जाणार नाही. पण आज कुणीतरी बाहेरचा बघतोय एवढी भीतीसुद्धा ऐकणाऱ्याला नाही. ती थोडी तिकडे गेली तर गुरुजींच्या वाटची तेवढी कमी होईल.

मामाच्या दोन प्रश्नांपैकी एकाचं उत्तर मी त्याला दिलंय. कायद्यात बसतं का? नाही बसत, मामा. त्यावर त्याने लगेच दुसरा प्रश्न पुन्हा विचारला, "ते ठीक आहे रे. पण ऐकलं का?" मी या यंत्रणेच्या पोटात काम केलेला माणूस, तरी त्याला "माहीत नाही" याखेरीज काही सांगू शकलो नाही. त्याने विचारलं, मग माहीत कुणाला आहे? मी म्हटलं, ज्यांच्यावर तुझा संशय आहे, त्यांना.

तो फोनवर बराच वेळ काही बोलला नाही.